बर्फाच्या डोंगरावरचा आखाडा

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



आजचा विषय ऐकून काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची मला कल्पना आहे. व्हिडिओ गेमपायी मुले अभ्यास विसरतात, ही आपली तक्रार खोटी नाही. परंतु खेळ खेळणे निराळे आणि खेळ रचणे निराळे. मला आज रचणाऱ्याविषयी बोलायचे आहे.

जपानमध्ये २००१ साली निन्टेन्डो कंपनीने ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ नावाचा झुंजीचा खेळ बाजारात आणला. त्याचे दिग्दर्शक मासाहिरो साकुराई. या खेळात प्रतिस्पर्ध्याला आखाड्याबाहेर फेकून द्यायचे असते. ज्याने जास्त मार खाल्ला, तो पुढच्या फटक्याला जास्त दूर उडतो. यातील एक आखाडा म्हणजे ‘आयसिकल माउंटन’, बर्फाचा डोंगर. त्याची कल्पना १९८५ च्या ‘आइस क्लाइंबर’ या जुन्या खेळावरून घेतलेली आहे. येथे पडद्यावरचे दृश्य स्थिर राहत नाही. ते वर सरकते, मध्येच वेग बदलते, कधी खालीही येते. जो मागे राहिला, तो पडद्याबाहेर गेला आणि बाद झाला. म्हणजे समोरच्याशी लढायचे आणि डोंगरही चढायचा, अशी दुहेरी कसोटी. पुढे २००८ च्या ‘ब्रॉल’ या भागात ‘समिट’ हा आखाडा आला. त्यात शिखराचा तुकडाच सुटतो, लढणाऱ्यांसह उतारावरून घसरत जातो आणि समुद्रात पडतो. तेथे पाण्याशी गेलेल्याला गिळायला मोठा मासा टपलेला असतो.

आता विचार करा, असा डोंगर रचणाऱ्याला काय काय यावे लागते?

पहिली गोष्ट म्हणजे गणित. या खेळात चित्र सेकंदाला साठ वेळा बदलते. डोळ्यांनी पाहून बोटाने कळ दाबायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. साठाचा चौथा भाग पंधरा. म्हणजे संकट येण्याच्या आधी पंधरा चित्रांहून कमी वेळ इशारा मिळाला, तर उत्तम खेळाडूही वाचणार नाही. ते संकट नव्हे, तो अन्याय झाला. म्हणून शिखर सुटण्याआधी ते हलले पाहिजे, मासा झेपावण्याआधी दिसला पाहिजे.

दुसरी गोष्ट भौतिकशास्त्र. उडी मारलेला खेळाडू किती उंच जाईल, हे वेग आणि गुरुत्वाकर्षण यांवर ठरते. दोन कड्यांमधले अंतर त्या उडीपेक्षा जास्त ठेवले तर वाट बंद होते, आणि फारच कमी ठेवले तर चढण्यात गंमत उरत नाही. नववीच्या पुस्तकातील गतीची समीकरणे येथे रोज कामाला येतात.

तिसरी गोष्ट न्यायबुद्धी. धोका दोघांना सारखा हवा. एकाच्या पायाखाली भक्कम खडक आणि दुसऱ्याच्या पायाखाली निसरडा बर्फ असेल, तर जिंकणाऱ्यालाही समाधान लाभत नाही. स्पर्धा भरवणारे लोक असे हलते आखाडे बहुधा वगळतात आणि सपाट आखाडे निवडतात, कारण हार खेळाडूच्या चुकीने झाली की डोंगराच्या लहरीने, हे सांगता येत नाही. २०१८ च्या ‘अल्टिमेट’ या भागात तर आखाड्यातील धोके बंद करण्याची सोयच देण्यात आली. मित्रमंडळींच्या करमणुकीला डोंगर, कसोटीला सपाट मैदान. कोणासाठी रचतो आहोत, हे ओळखणे हेच रचनाकाराचे खरे शहाणपण.

विद्यार्थी मित्रांनो, हे शिकण्याच्या वाटा आज आपल्या देशात आहेत. राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डिजिटल खेळांच्या रचनेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. मुंबईच्या आयआयटीत डिझाइन शिकवले जाते आणि बारावीनंतर त्यासाठी ‘यूसीड’ ही प्रवेश परीक्षा असते. मुलींनाही ही दारे तितकीच उघडी आहेत. साकुराई यांनी २०२२ ते २०२४ या काळात खेळांच्या रचनेवर यूट्यूबवर छोटी छोटी व्याख्याने दिली, ती फुकट पाहता येतात. मात्र एक ध्यानात ठेवा. दिवसभर खेळणाऱ्याला रचना येते असे नाही. कागदावर चौकटी आखून, सोंगट्या ठेवून स्वतःचा एक डोंगर रचा, धाकट्या भावंडांना खेळायला द्या आणि ती कोठे अडतात, ते गप्प बसून पाहा. या विद्येचा पहिला धडा हाच आहे.

पालकहो, शेवटचा शब्द आपल्यासाठी. आपणही आपल्या मुलांसाठी एक डोंगर रचत असतो. सातवी-आठवीत मूल गणितात मागे पडते, तेव्हा कोणी इशारा देत नाही. दहावीचा निकाल हाती पडला की आपण जागे होतो आणि मग शाळा सुटते. मुलीच्या बाबतीत तर पुष्कळदा पायाखालचा बर्फच निराळा असतो. खेळातल्या डोंगरावर पाव सेकंद आधी इशारा मिळावा म्हणून माणसे झटतात. आपल्या मुलांना दोन वर्षे आधी इशारा, दोघांना सारखी जमीन आणि पडल्यावर पुन्हा चढायला एक कडा, एवढे तरी आपण देऊ या. चढण अवघड असली तरी मुले चढतात. वाट मात्र असली पाहिजे.