मेंदूतील गाठ आणि तिचा रक्तपुरवठा
(खांडबारा येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



खांडबाऱ्यासारख्या ठिकाणी मेंदूच्या गाठीवर व्याख्यान कशाला, असे कोणी विचारील. परंतु रोग गाव पाहून येत नाही. येथील रुग्णास रेल्वेने सुरतेस अथवा मुंबईस न्यावे लागते. तेथे होणाऱ्या तपासणीचा अर्थ घरच्यांस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. तरी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे १५ टक्के भाग त्याकडे जातो. शेतातील तण जसे पिकाचे पाणी ओढून घेते, तशी जोमाने वाढणारी गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या निर्माण करविते. हा विचार अमेरिकन शल्यविशारद ज्यूडा फोकमन यांनी १९७१ साली मांडला. पुढे १९७३ साली पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय अनुनादाने प्रतिमा घेण्याची रीत प्रसिद्ध केली; तीतूनच आजचे एम.आर.आय. यंत्र उदयास आले. त्यांस व पीटर मॅन्सफिल्ड यांस २००३ साली नोबेल पारितोषिक लाभले.

साध्या एम.आर.आय.मध्ये गाठीची जागा व आकार दिसतो. रक्तप्रवाह पाहण्यासाठी हाताच्या शिरेतून गॅडोलिनियमयुक्त औषध टोचतात आणि मिनिट-दोन मिनिटे मेंदूच्या प्रतिमा भराभर घेतात. औषध जाताना तेथील संकेत क्षणभर मंदावतो. तो किती मंदावला, यावरून कोठे किती रक्त आहे याचे गणित मांडतात. दुसऱ्या पद्धतीत काहीच टोचावे लागत नाही. मानेतून वर जाणाऱ्या रक्तातील पाण्यावरच रेडिओलहरींनी खूण करतात. मूत्रपिंड दुबळे असलेल्यांस ती विशेष सोयीची होय.

याचा उपयोग कोणता? किरणोपचारानंतर काही महिन्यांनी फिल्मवर पुन्हा डाग दिसतो. रोग उलटला, की किरणांनी तेथील भाग मृत झाला? साध्या चित्रात दोन्ही सारखेच भासतात. घरची माणसे हवालदिल होतात, शेत गहाण टाकण्यास निघतात. अशा वेळी रक्तप्रवाह साक्ष देतो : वाढत्या गाठीत रक्त बहुधा अधिक, मृत भागात कमी. त्यामुळे कित्येकांची अनावश्यक शस्त्रक्रिया टळू शकते. तथापि हा अखेरचा शब्द नव्हे. मेंदूच्या आवरणातील मेनिंजिओमा ही गाठ बहुधा सौम्य असूनही रक्ताने भरलेली असते. संशय उरल्यास गाठीचा तुकडा काढून तपासावा लागतो.

म्हणून आमची विनंती एवढीच. पहाटे डोके दुखून वांती होणे, प्रौढ वयात प्रथमच फिट येणे, एका अंगाची शक्ती जाणे, ही लक्षणे दिसताच गंडेदोऱ्यांत दिवस न दवडता डॉक्टरांकडे जावे. जुन्या फिल्म व कागद जपून ठेवावेत, कारण तुलनेवाचून नव्या चित्राचा अर्थ अपुरा राहतो. मूत्रपिंडाचा विकार अथवा शरीरात बसविलेले यंत्र असल्यास तपासणीपूर्वी सांगावे. आणि रुग्णासोबत जाणारा एखादा जाणता तरुण आपल्या मंडळाने देता आला तर द्यावा. परक्या शहरात त्याचा आधार औषधाइतकाच मोलाचा ठरेल.