राउटरची नेमकी ओळख

एकाच जोडणीतून घरातील किंवा शाळेतील अनेक यंत्रांना इंटरनेट पुरविणारी पेटी म्हणजे राउटर. ही पेटी दिसावयास साधी असली, तरी तिच्यात प्रक्रियक आणि स्मृती असलेला एक छोटा संगणकच असतो. त्याच्या कायम स्मृतीत साठविलेली व त्याचे सर्व व्यवहार चालविणारी आज्ञावली, ती फर्मवेअर होय.

काही वर्षांनंतर निर्माता जुन्या यंत्रासाठी सुधारित फर्मवेअर देणे थांबवितो. यंत्र चालू राहते आणि त्यातील दोषही तसेच राहतात. मे २०१८ मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ नावाच्या घातक आज्ञावलीचा शोध लागला, तेव्हा तिने किमान ५४ देशांतील निदान ५ लाख राउटर व तत्सम साधने ग्रासली असल्याचे आढळले. जुने यंत्र टाकून न देता सुरक्षित ठेवावयाचे असेल, तर मुक्तस्रोत फर्मवेअर हा एक मार्ग आहे. मात्र तो प्रत्येक यंत्राला खुला नसतो.

या मार्गाचा आरंभ लिंक्सिस कंपनीच्या ‘डब्ल्यूआरटी ५४ जी’ या राउटरपासून झाला. त्याचे फर्मवेअर लिनक्सवर आधारलेले आहे, हे २००३ मध्ये उघड झाले. लिनक्सच्या परवान्यानुसार अशा आज्ञावलीचा मूळ पाठ वापरणाऱ्यांना उपलब्ध करून देणे बंधनकारक असते. त्याप्रमाणे तो खुला झाला. त्यातून २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प उभा राहिला. त्याच्या नावातच त्या राउटरची स्मृती आहे.

त्याच राउटरने पुढे एक धडाही दिला. २००५ मध्ये त्याची पाचवी आवृत्ती निघाली. नाव तेच होते. पण लिनक्सच्या जागी दुसरी प्रणाली आली आणि कायम स्मृती ४ मेगाबाइटवरून २ वर, तर कार्यकारी स्मृती १६ वरून ८ वर आणण्यात आली. जुन्या आवृत्तीसाठी सिद्ध केलेले फर्मवेअर तिच्यात मावणेच शक्य नव्हते. टीपी-लिंकच्या ‘टीएल-डब्ल्यूआर ८४१ एन’ या राउटरचेही तसेच. त्याच्या तेराव्या आवृत्तीत ८ मेगाबाइट कायम व ६४ मेगाबाइट कार्यकारी स्मृती आहे. चौदाव्या आवृत्तीत ती अनुक्रमे ४ आणि ३२ एवढीच आहे. आवृत्ती नवी म्हणून यंत्र अधिक समर्थ, असे मानता येत नाही.

म्हणून तपासणीचा प्रारंभ पेटी उलटी करून करावा. तळाच्या चिठ्ठीवर प्रतिमानाचे पूर्ण नाव आणि आवृत्तीचा क्रमांक छापलेला असतो. तो जसाच्या तसा लिहून घ्यावा. मग ओपनडब्ल्यूआरटीने प्रसिद्ध केलेल्या यंत्रांच्या कोष्टकात नाव आणि आवृत्ती ही दोन्ही जुळणारी नोंद शोधावी. केवळ नाव जुळणे पुरेसे नाही. नोंद सापडल्यावर सध्याच्या प्रकाशनात त्या यंत्राचा समावेश आहे काय, हे पाहावे. ४ मेगाबाइट कायम आणि ३२ मेगाबाइट कार्यकारी स्मृतीच्या यंत्रांना अधिकृतपणे सामावून घेणारी १९.०७ ही अखेरची मालिका होती, आणि तिची देखभाल २०२२ मध्ये संपली. त्यानंतर बिनतारी संपर्काच्या चिपकडे लक्ष द्यावे. ब्रॉडकॉमच्या अनेक चिपना पूर्ण मुक्तस्रोत चालक उपलब्ध नसल्यामुळे फर्मवेअर बसले तरी वाय-फाय नीट चालेलच असे नाही.

एवढे जुळल्यावरच फाइल उतरवून घ्यावी. निर्मात्याच्या फर्मवेअरच्या जागी प्रथम बसविण्याची फाइल सामान्यतः निराळी असते आणि ओपनडब्ल्यूआरटी आधीच असलेल्या यंत्रात अद्ययावत करण्याची निराळी. उतरविलेल्या फाइलची पडताळणी-संख्या प्रसिद्ध केलेल्या संख्येशी ताडून पाहावी. बसविणे बिघडल्यास यंत्र पूर्ववत कसे करावयाचे, ती रीतही आधीच वाचून ठेवावी. कारण यंत्र बंद पडल्यावर ती वाचण्यासाठी लागणारे इंटरनेटच हाताशी नसण्याचा संभव असतो.

कोष्टकात नोंद न मिळणे हेही एक उत्तरच आहे. जवळच्या आवृत्तीची फाइल वापरून पाहण्याचा मोह तेथे आवरावा. तळाच्या चिठ्ठीवरील एका अंकाकडे दुर्लक्ष झाल्यास चालते यंत्र कायमचे निकामी होऊ शकते. तोच अंक नीट वाचला, तर निर्मात्याने सोडून दिलेले यंत्र आणखी काही वर्षे सुरक्षितपणे उपयोगी पडू शकते.