लेकरांना सभेत बसू द्या



आज मी एकच विषय मांडणार आहे : वऱ्हाडातल्या आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या घरगुती प्रार्थनासभांत लेकरांचे स्थान काय?

या सभा, म्हणजे आपल्या कॉटेज मिटिंगा, कशा भरतात, हे आपण सारे जाणतो. शेताची, ऑफिसची कामे आटोपून माणसे येतात. अंगणात किंवा बैठकीत सतरंजी पडते. गीते, वचन, साक्षी, प्रार्थना आणि शेवटी चहा. लेकरं मात्र आतल्या खोलीत असतात. हातात मोबाइल आणि दार लोटलेले. ‘गडबड करतात’ एवढेच कारण. लेकरं गडबड करतात, हे खरेच आहे. तरीही त्यांना आत बसवण्याची ही रीत आपण मोडली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याच मंडळीचा इतिहास पाहा. 1896-97 आणि 1899-1900 अशा दोन दुष्काळांनी वऱ्हाड होरपळले. दुसऱ्याला जुनी माणसे छप्पनचा दुष्काळ म्हणत. त्या काळात अलायन्स मिशनने अनाथ मुलांना अकोल्यात आणि मुलींना खामगावात आसरा दिला. त्या आश्रमांतल्या उपासनेत मोठी माणसे मूठभर आणि लेकरंच जास्त. वऱ्हाडातली मंडळी अशा लेकरांच्या सोबतीने वाढली आहे. त्यातल्या पहिल्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणून केडगावच्या मुक्तीसदनात सांभाळल्या. 1905 साली तिथे जे आत्मिक जागरण झाले, त्यात या मुली प्रार्थनेत पुढे होत्या. त्यांच्या टोळ्या आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला जात. रमाबाईंनी बायबलचे भाषांतर केले तेही साध्या बायकामुलींना कळावे म्हणून. ते 1924 मध्ये, त्यांच्या पश्चात, पूर्ण छापून आले. ज्या मंडळीची मुळे अशी आहेत, तिने आपल्या लेकरांना दाराआड बसवावे, हे शोभत नाही.

पवित्र शास्त्रही हेच सांगते. नियमशास्त्र ऐकायला पुरुष, स्त्रिया आणि मुलेबाळे अशा सर्वांना एकत्र जमवा, अशी आज्ञा अनुवादाच्या एकतिसाव्या अध्यायात आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात तर एक घरसभाच आहे. यरुशलेमात मार्काच्या आईच्या घरी मंडळी पेत्राच्या सुटकेसाठी प्रार्थना करीत होती. पेत्र सुटून दारात आला, तेव्हा त्याचा आवाज ओळखला रुदा नावाच्या मुलीने. मोठ्यांनी तिला वेडी ठरवले. प्रार्थनेचे उत्तर आलेले तिला आधी कळले, आणि प्रार्थना करणाऱ्यांचा तिच्यावर विश्वास बसेना! हा प्रसंग प्रत्येक घरसभेने एकदा तरी लेकरांसोबत वाचावा.

आपली वऱ्हाडी मातीही याला अनुकूल आहे. शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात समोरच्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर मिळाल्यावर पुढे जात. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थनेत सारे गाव एका जागी बसवले. प्रश्नोत्तरांची आणि एकत्र गाण्याची ही सवय आपल्या लेकरांच्या कानांना आहे. आपण मात्र चाळीस मिनिटांचा उपदेश करतो आणि सात वर्षांच्या मुलाने मूर्तीसारखे बसावे अशी अपेक्षा धरतो.

मग करायचे काय? पहिली तीस-पस्तीस मिनिटे सर्वांची ठेवा. पहिले गीत लेकरांनी निवडावे. ज्याला वाचता येते त्याने वचन वाचावे. अडखळला तरी कोणी मध्येच वाचू नये. वचनातली गोष्ट छोटी असावी आणि ती संपल्यावर पहिला प्रश्न लेकरांना विचारावा. त्यांच्याकडून प्रार्थना-विनंती घ्या. परीक्षेची भीती, आजारी आजी, हरवलेली शेळी, काहीही असो, त्यासाठी खरोखर प्रार्थना करा आणि पुढच्या आठवड्यात ‘काय झालं रे?’ म्हणून विचारा. लेकराच्या विश्वासाची सुरुवात अशा विचारपुशीतून होते. मोठ्यांचे खासगी दुःख, कर्ज, घरातली भांडणे असे विषय निघतील तेव्हा लेकरांना वेगळे बसवणे योग्यच. पण तिथे मोबाइल नको. खेळ आणि गोष्टी घेणारी दोन मोठी माणसे हवीत.

दोन मोठी माणसे, हे मी मुद्दाम म्हणतो. कोणतेही लेकरू एका मोठ्या माणसासोबत बंद खोलीत एकटे राहता कामा नये. तो माणूस कितीही आदरणीय असो. गैरप्रकार कळल्यास पोलिसांना कळवणे 2012 च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. मंडळीची अब्रू जाईल म्हणून गप्प बसणे हे पाप आहे. तसेच शेजारच्या घरची लेकरं खेळता खेळता येऊन बसतात. त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय त्यांना सभेत बसवू नका. तो त्या आईवडिलांचा अधिकार आहे.

लेखकमित्रांकडेही एक मागणे आहे. अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकात ‘बालबोधमेवा’ काढून मराठी मुलांना त्यांचे स्वतःचे मासिक दिले. आज घरसभेत मोठ्यांसोबत लेकरांना वाचता येतील असे छोटे पाठ आणि नवी गीते आपल्याकडे फार थोडी आहेत. वऱ्हाडीत लिहा. मेळघाटातल्या लेकरांसाठी कोरकू जाणणाऱ्यांना सोबत घ्या. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंगांतून आपल्या उपासनेला मराठी सूर दिला. आपण तिला लेकरांची बोली देऊ.

पाळकांना माझी विनंती आहे की, येत्या रविवारी हा विषय मंडळीपुढे ठेवा. आणि ज्यांच्या घरी या आठवड्यात सभा आहे, त्यांनी आतल्या खोलीचे दार उघडून लेकरांना बाहेर बोलवावे. त्यांना मागे बसवू नका, आपल्या शेजारी बसवा. ती उद्याची मंडळी आहेत असे आपण नेहमी म्हणतो. ती आजच मंडळीत आहेत, असे वागून दाखवा.