इंग्रजीचें व्याकरण आणि घरचें सामान

(एका खेड्यांतील पालकसभेंत शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



आजच्या सभेंत मुलांच्या इंग्रजीवर चार शब्द बोलावे अशी मला आज्ञा झाली आहे. मी मराठी अध्यापक विद्यालयांत तयार झालेला खेडेगांवचा मास्तर. विलायतेच्या गोष्टी माझ्याजवळ नाहींत. फळ्यापुढें उभें राहून जें रोज पाहतों, तेंच सांगणार आहें.

बाजारांत, पारावर, पिठाच्या गिरणीवर मला एकच प्रश्न विचारला जातो : "मास्तर, पोराला इंग्रजी यावी म्हणून काय विकत आणूं?" कोणी गाईड आणतो, कोणी शिकवणी लावतो, कोणी दोन शेळ्या विकून पोराला इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत घालतो. या सर्वांना माझें उत्तर असें कीं, इंग्रजी लिहिण्यास लागणारें निम्म्याहून अधिक सामान तुमच्या घरांतच आहे; आणि त्यांतलें सर्वांत मोठें सामान म्हणजे तुमची मराठी.

इंग्रजी शिकण्याची ओढ आपल्या लोकांत नवी नाहीं. जोतीराव फुले पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेंत इंग्रजी शिकले. सावित्रीबाईंनीं १८५४ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'काव्यफुले' या पुस्तकांत इंग्रजी शिकण्याचा उपदेश केला. पुढें १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीरावांनीं स्पष्ट मांडलें कीं, सरकारचा महसूल रयतेच्या घामांतून येतो, आणि शिक्षणावरचा पैसा मात्र वरच्या वर्गांच्या शिक्षणाकडे जातो. आतां काळ पालटला आहे. महाराष्ट्रांतील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवितात. दार उघडलें, हें खरें. पण दारांतून आंत गेलेलें मूल स्वतःचीं चार वाक्यें लिहूं शकतें काय? 'माय काऊ' हा निबंध तें घडाघडा म्हणतें. परंतु, "बाळ, तुझ्या घरच्या म्हशीवर दोन ओळी लिही," असें म्हटलें कीं लेखणी थांबते. पाठ केलेली गाय दूध देत नाहीं, बंधूंनो!

असें कां होतें? आपण मुलांना व्याकरणाचीं नांवें शिकवितों, व्याकरण शिकवीत नाहीं. सुतार आपल्या पोराला करवत, रंधा, पटाशी यांचीं नांवें पाठ करावयास बसवितो काय? तो त्याच्या हातांत लांकूड देतो, आणि नांवें काम करतां करतां आपोआप येतात. नाम, सर्वनाम, क्रियापद हीं हत्यारांचीं नांवें आहेत. वाक्य हें लांकूड आहे. लांकडाला हात न लावतां सुतारकी येत नाहीं.

आतां आमच्या वर्गांतील सामान सांगतों. पहिलें सामान जुन्या लग्नपत्रिका. त्यांच्या कोऱ्या बाजूचे तुकडे कापून एकेका तुकड्यावर एकेक शब्द लिहितों. 'गणू', 'पाणी', 'आणतो' हे तीन तुकडे मुलें जमिनीवर मांडतात. मराठींत क्रियापद शेवटीं बसतें. तेंच वाक्य इंग्रजींत मांडतांना क्रियापदाचा तुकडा उचलून मधें ठेवावा लागतो : 'गणू ब्रिंग्ज वॉटर'. मुलानें तो तुकडा आपल्या हातानें एकदां हलविला म्हणजे नियम त्याच्या हातांत बसतो.

ही जागा इतकी महत्त्वाची कां, तेंही तुकड्यांनींच दाखवितां येतें. 'वाघानें शेळीला मारलें' म्हणा किंवा 'शेळीला वाघानें मारलें' म्हणा. मरते ती शेळीच. कारण 'नें' आणि 'ला' हे प्रत्यय शब्दांना चिकटून राहतात व कोणी कोणाला मारलें तें सांगतात. इंग्रजींत हे प्रत्यय नाहींत. तेथें जागाच प्रत्ययाचें काम करते. 'द टायगर किल्ड द गोट' यांतील दोन तुकड्यांची अदलाबदल केली कीं शेळीच वाघाला मारते! वर्ग खो खो हंसतो, आणि त्या हंसण्यांत इंग्रजी व्याकरणाचा मुख्य सिद्धांत कायमचा कळतो.

दुसरें सामान एक पत्र्याची पेटी आणि एक लिंबू. लिंबू 'पेटींत', 'पेटीवर', 'पेटीखालीं' ठेवावयाचें. मराठींत हें सांगणारा शब्द मागून येतो, इंग्रजींत तो पुढें चालतो : 'इन द बॉक्स', 'ऑन द बॉक्स', 'अंडर द बॉक्स'. पेटी आणि लिंबू कोणत्या घरांत नाहीं?

तिसरी अडचण 'ए', 'ॲन' आणि 'द' यांची. हे शब्द मराठींत नसल्यामुळें मूल ते गाळतें किंवा वाटेल तेथें पेरतें. येथें बैलबाजार कामास येतो. "बाजारांत मीं एक बैल पाहिला. तो बैल लंगडत होता." पहिल्यानें सांगतांना ऐकणाराला बैल ठाऊक नव्हता, म्हणून 'एक' आलें, दुसऱ्या वेळीं तो ठाऊक झाला, म्हणून 'तो' आलें. इंग्रजींतही तसेंच : 'आय सॉ ॲन ऑक्स. द ऑक्स वॉज लेम.' ऑक्स या शब्दाचा आरंभ स्वरानें होतो म्हणून 'ए' चें 'ॲन' झालें. या शब्दांचे आणखीही नियम आहेत. पण एवढ्या एका बैलानें मुलाचा निम्मा गोंधळ दूर होतो.

चौथी गोष्ट 'मला' या शब्दाची. 'मला भूक लागली' आणि 'मला दोन भाऊ आहेत' या दोन्ही वाक्यांत मराठी 'मला' म्हणते. इंग्रजी मात्र दोन्हीकडे 'आय' म्हणते. पहिल्यांत 'आय ॲम हंग्री', दुसऱ्यांत 'आय हॅव टू ब्रदर्स'. अशा जोड्यांची यादी आम्हीं भिंतीवर लाविली आहे. नवी जोडी सांपडली कीं मुलें ती यादींत घालतात.

आणि मायबहिणींनो, आपली मराठी हलकी आहे असें कधीं समजूं नका. 'जातो, जाते, जातोस, जातेस, जातात' इतकीं रूपें तुमचें पोर बोलूं लागतांच, कोणी न शिकवितां बोलतें. इंग्रजींत या ठिकाणीं 'गो' आणि 'गोज' हीं दोनच रूपें आहेत! एवढा भारी बोजा उचलणाऱ्या मुलाला हलका बोजा उचलतां येणार नाहीं काय? त्याला फक्त दोन्ही बोजे शेजारीं ठेवून दाखविले पाहिजेत.

कोणी म्हणेल, इंग्रजी शब्द तर समुद्राएवढे. ते कोठून आणावे? मायकेल वेस्ट नांवाच्या इंग्रज शिक्षकानें बंगालच्या शाळांत बरींच वर्षें काम केलें. निवडक शब्दांतच मुलांचीं पुस्तकें रचावीं असा त्याचा आग्रह होता, आणि १९५३ सालीं त्यानें नेहमीं लागणाऱ्या सुमारें २००० इंग्रजी शब्दांची यादी छापली. रोज दोन शब्द घेतले तर तीन वर्षांच्या आंत ती यादी संपते. समुद्र प्यावयाचा नाहीं, घागर भरावयाची आहे.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनें मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकविली. त्या पुस्तकाला आमचा नमस्कार आहे. तें वाचनालयांत असावें. परंतु छापील वाक्याचें भाषांतर करणें ही एक पायरी आहे. वरच्या पायरीवर मुलानें स्वतःचें वाक्य लिहिलें पाहिजे. म्हणून आमच्या वर्गांत रोज एक वाक्य, तेंही घडलेल्या गोष्टीवर : आज काय पेरलें, विहिरीला पाणी किती, मडकें कसें फुटलें. दोनतीन महिन्यांनीं पांच वाक्यें, मग एक पत्र, मग रजेचा अर्ज. तपासतांना मी सगळी वही लाल करीत नाहीं. या आठवड्यांत फक्त क्रियापदाची जागा पाहावयाची, पुढच्यांत फक्त 'ए' आणि 'द'. सर्व चुका एकदम दाखविल्या तर मूल एकही सुधारीत नाहीं, उलट लिहिण्याचेंच सोडून देतें.

आतां तुमचें काम. तुम्हांला इंग्रजी येत नाहीं म्हणून मागें सरूं नका. रोज दिवेलागणीला मुलाला म्हणा, "आजचें वाक्य वाच, आणि मराठींत अर्थ सांग." अर्थ नीट सांगतां आला तर त्याला तें वाक्य कळलें आहे, अडखळलें तर शाळेंत पाठवून द्या, पुढचें मी पाहतों. फवारणीच्या औषधाची बाटली घरीं आली कीं मोठ्या मुलाला तिच्यावरचें इंग्रजी आपल्यासमोर बसून वाचावयास सांगा. मात्र बाटली त्याच्या हातीं देऊं नका. 'कीप अवे फ्रॉम चिल्ड्रन' हें आज्ञेचें वाक्य असून त्यांत क्रियापद पहिलें आहे, हें त्याला व्याकरण म्हणून कळेल. आणि बाटली कोठें ठेवावी हें घराला कळेल. चौकोनांतला लाल त्रिकोण सर्वांत जहाल विषाचा, हेंही त्याच वेळीं सांगावें.

आणखी एक मागणें मुलींच्या वतीनें. भाऊ वही घेऊन बसतो, त्या वेळीं बहिणीला पाण्याला धाडूं नका. रोजचा अर्धा तास तिचा तिला द्या. एका वाक्याला वेळ मिळाला नाहीं तर वर्षाला साडेतीनशें वाक्यें बुडतात, आणि मग आपण म्हणतों कीं पोरीला इंग्रजी जमत नाहीं.

सरकारी कागद, बँकेचा अर्ज, कोर्टाची नोटीस यांत इंग्रजी येते. जो कागद आपल्याला वाचतां येत नाहीं, त्यावर आपण दुसऱ्याच्या सांगण्यावरून अंगठा उठवितों, आणि त्या अंगठ्याची किंमत कधीं कधीं शेताएवढी होते. तुमच्या मुलानें साहेब व्हावें म्हणून मी इंग्रजी शिकवीत नाहीं. त्यानें तुमच्या शेजारीं बसून तो कागद वाचावा आणि त्याला स्वतःच्या हातानें उत्तर लिहावें म्हणून शिकवितों. तेव्हां शेळ्या विकूं नका. घरांतल्या जुन्या लग्नपत्रिका सोमवारीं मुलांबरोबर शाळेंत पाठवून द्या.