ताजी भाजी निर्दोष ठेवण्याची जबाबदारी कोणाची?



शाळेच्या पोषण आहारासाठी सकाळी आलेली मेथीची जुडी ताजी की शिळी, हे डोळ्यांस कळते. ती निर्दोष आहे की नाही, हे मात्र कळत नाही. मग त्याची जबाबदारी कोणाची?

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये ती अन्नाचा व्यवसाय करणाऱ्यावर आहे. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवून विकण्यास मनाई आहे, व अन्न सुरक्षा अधिकारी बाजारातील मालाचे नमुने तपासू शकतो. परंतु याच अधिनियमाच्या १८ व्या कलमाने शेतकरी, शेतीची कामे व पिके यांस वगळिले आहे. म्हणजे या कायद्याचा हात बांधापाशी थांबतो. बांधाच्या आत भिस्त राहते ती औषधाच्या डब्यावरील सूचनांवर आणि शेतकऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर.

फवारणीनंतर किती दिवस तोडणी करू नये, हे त्या सूचनांत दिलेले असते. आज फवारलेली वांगी उद्या बाजारात गेली, तर तो दोष पुढे कोणासही पुरता धुऊन काढता येत नाही. कारण काही औषधे झाडाच्या रसात भिनतात. मोनोक्रोटोफॉस हे त्यांपैकीच एक. भाजीपाल्यावर त्याच्या वापरास २००५ साली बंदी झाली. त्याच विषाने बिहारमधील गंडामण येथील शाळेत २०१३ साली २३ बालकांचा बळी घेतला. तेथे ते भाजीवर नव्हे, स्वयंपाकाच्या तेलात सापडले.

येथेच शिक्षकाचे कार्य सुरू होते. डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहून औषधाची तीव्रता ओळखता येते : लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा व शेवटी हिरवा. चौथीतील मुलास हे रंग व तोडणीपूर्वीचे दिवस वाचावयास शिकविले, तर तो घरी वडिलांस वाचून दाखवील. मात्र डब्यास त्याने हात लावू नये, ही ताकीद आधी द्यावी.

शाळेच्या स्वयंपाकघरात औषधाचा रिकामा डबादेखील येऊ देऊ नये. भाजी चिरण्यापूर्वी स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवावी. कच्ची खावयाची काकडी, गाजरे व कोथिंबीर विशेष काळजीने धुवावीत. स्वयंपाक करणारीने व मुलांनीही साबणाने हात धुवावेत.

शेतकरी, व्यापारी, अधिकारी व स्वयंपाकीण या प्रत्येकाचा वाटा निराळा आहे. त्यांतील शेतकरी हा बहुधा शाळेतील मुलाचाच पिता असतो. म्हणून कायदा जेथे पोहोचत नाही, तेथे शाळा पोहोचू शकते.