विमान येतं, कारखाना तिकडेच राहतो



आधी आभार मानायचे आणि मग विषयाला हात घालायचा, अशी अध्यक्षीय भाषणाची रीत आहे. आभार मनापासून मानतो आणि लगेच हँगरकडे वळतो. उत्तर अमेरिकेत छोटी विमानं उडवणारी आणि दुरुस्त करणारी मराठी मंडळी आज इथे जमली आहेत, पुण्या-नागपूरहूनही पाहुणे आले आहेत. चहाच्या वेळी कुठल्याही घोळक्यात डोकावलं की एकच प्रश्न कानावर येतो: युरोपातलं हलकं विमान घ्यावं का? घ्यावं की न घ्यावं, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला बोलायचं आहे ते घेतल्यानंतरच्या दहाव्या वर्षाबद्दल.

अमेरिकेत लाइट स्पोर्ट विमानांचा नियम १ सप्टेंबर २००४ पासून लागू झाला. दोन आसनं, एक इंजिन, न मिटणारी चाकं, जमिनीवरून उडणाऱ्या विमानाचं वजन जास्तीत जास्त ६०० किलो, वेग १२० नॉटच्या आत. युरोपात या जातीची विमानं आधीपासूनच बनत होती, त्यामुळे तिथले कारखानदार तयारीनिशी उतरले. एप्रिल २००५ मध्ये या वर्गात पहिलं मंजूर झालं ते चेक कंपनी एव्हेक्टरचं स्पोर्टस्टार. पाठोपाठ जर्मनीची फ्लाइट डिझाइन आली, इटलीची टेकनाम आली.

यातली मेख अशी. मोठ्या विमानाचा आराखडा अमेरिकेची हवाई नियामक संस्था एफएए स्वतः तपासते आणि प्रमाणपत्र देते. इथे मात्र उद्योगाने मिळून ठरवलेल्या मानकांप्रमाणे विमान बनवलंय, असं कारखानदार लिहून देतो आणि ते ग्राह्य धरलं जातं. त्याने खर्च वाचतो, विमान आवाक्यात येतं. पण पुढची जबाबदारीही त्याच्याच गळ्यात पडते. सुरक्षेच्या सूचना त्याने काढायच्या, दुरुस्तीची पद्धत त्याने सांगायची, बदलाला मंजुरी त्याने द्यायची. वेगळ्या बनावटीची बॅटरी बसवायची म्हटली तरी त्याचं पत्र हवं. पत्र येईपर्यंत बॅटरी टेबलावर, विमान कोपऱ्यात आणि मालक फोनवर. आणि पत्र देणाराच उरला नाही तर? इथेच घोडं पेंड खातं. विमान ठणठणीत असतं, कागद मात्र पोरके होतात.

ही नुसती कल्पना नाही. २०१६ मध्ये फ्लाइट डिझाइन दिवाळखोरीत गेली. तिची सीटी विमानं अमेरिकेत या वर्गात सर्वाधिक खपलेल्यांपैकी होती. २०१७ मध्ये नवा मालक मिळाला, मंडळींचा जीव भांड्यात पडला. मग २०२२ उजाडलं. सीटीची बांधणी जिथे व्हायची ते युक्रेनमधलं खेर्सोन शहर मार्च महिन्यात रशियाच्या ताब्यात गेलं. उत्पादन चेक प्रजासत्ताकातल्या शुम्पर्कला हलवावं लागलं. ज्या मालकांनी खेर्सोनचं नावही कधी ऐकलं नव्हतं, ते त्या आठवड्यांत युद्धाच्या बातम्या सुट्या भागांच्या काळजीने वाचत होते. माणसं मरत असताना चाकाच्या फेअरिंगची चौकशी करायची लाजही वाटत होती; काहींनी तसं बोलूनही दाखवलं.

मोठं नाव पाहून घ्यावं, असं सांगणारे सल्लागार पैशाला पासरी आहेत. त्यांनी सेसनाकडे पाहावं. २००७ मध्ये सेसनाने स्कायकॅचर जाहीर केलं आणि बांधणी चीनमधल्या शेनयांगला दिली. दोनशेही विमानं खपली नाहीत. २०१३ च्या अखेरीस गाशा गुंडाळला, उरलेली विमानं पुढे मोडीत काढली. एवढं खरं की ज्यांनी ती घेतली त्यांना कंपनीने वाऱ्यावर सोडलं नाही. नाव मोठं असण्याचा फायदा तेवढाच.

आता इंजिनपाशी येऊ, कारण माझा दिवस तिथेच जातो. यातल्या बहुतेक विमानांत ऑस्ट्रियातल्या गुन्सकिर्शनचं रोटॅक्स ९१२ असतं. इंजिन गुणी आहे, पण त्याच्या सवयी वेगळ्या. लायकॉमिंग इंजिनांवर हात बसलेला जुना मेकॅनिक येतो, तेलाची काठी काढतो, पातळी कमी दिसते आणि बाटली ओततो. इथे तसं चालत नाही. आधी इग्निशन बंद असल्याची खात्री करायची, मग प्रोपेलर त्याच्या फिरण्याच्याच दिशेने हाताने सावकाश फिरवत राहायचं. तेलाच्या टाकीतून गुडगुड ऐकू आली की इंजिनमधलं तेल टाकीत परतलं असं समजायचं, आणि मग काठी पाहायची. कार्ब्युरेटरच्या फ्लोटचंही तेच. काही फ्लोट पेट्रोल पिऊन जड होतात, म्हणून एका कार्ब्युरेटरची जोडी काढून नाजूक काट्यावर ठेवायची. ७ ग्रॅमच्या वर भरली की बाद. माझ्याकडच्या पोरांना मी पाना धरायच्या आधी हा काटा वापरायला शिकवतो.

रबराच्या नळ्या दर ५ वर्षांनी बदलायच्या, विमान उडो वा न उडो. सीटीतली आणीबाणीची हवाई छत्री दर ६ वर्षांनी उघडून पुन्हा घडी करून घ्यायची आणि तिचं रॉकेट १२ वर्षांनी नवं बसवायचं. रॉकेट म्हणजे स्फोटक. ते साध्या कुरिअरने येत-जात नाही. जाहिरातीतली किंमत वाचून विमान घेणाऱ्याला ही तारीखवार देणी कुणी सांगत नाही. विक्रेता तर नाहीच नाही.

कारखाना बुडाला तर एक वाट उरते: विमान प्रायोगिक वर्गात नोंदवायचं. मग बदलासाठी परदेशी पत्राची वाट पाहावी लागत नाही, आणि १६ तासांचा अभ्यासक्रम करून मालक स्वतःच्या विमानाची वार्षिक तपासणीही करू शकतो. काही जण याला नामुष्की मानतात. मला त्यात काही कमीपणा दिसत नाही. उलट, आपल्या विमानाला स्वतः हात लावणारा मालक मला जास्त भरवशाचा वाटतो. अडचण आहे ती प्रशिक्षण-शाळांची. असं विमान भाड्याने देता येत नाही. शाळेचा धंदाच त्यावर चालतो.

२०२५ च्या जुलैत ऑशकॉशच्या विमान-मेळाव्यात लाइट स्पोर्ट विमानांचे नवे नियम जाहीर झाले. वजनाची जुनी मर्यादा गेली, जास्त आसनांची विमानं या वर्गात यायला वाट झाली. पण विमान मानकाप्रमाणे आहे, हे लिहून देणारा अजूनही कारखानदारच. म्हणजे विमानं मोठी होतील आणि दुखणंही.

भारतातल्या पाहुण्यांसाठी थोडं. २०१५ मध्ये भारताने हवाई दल, नौदल आणि एनसीसीसाठी स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेलकडून १९४ व्हायरस एसडब्ल्यू विमानं घेण्याचा करार केला. २०२२ मध्ये टेक्स्ट्रॉनने पिपिस्ट्रेल विकत घेतली. सेसनाची मालकही हीच टेक्स्ट्रॉन! मी काही अभद्र बोलत नाही. १९४ विमानांचं गिऱ्हाईक टेबलावर हात आपटू शकतं. एकुलत्या एका विमानाचा मालक टेबलापर्यंत पोचतच नाही, आपण सगळे त्यातले.

म्हणून उद्या सकाळच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. त्यात दोनच मागण्या आहेत. आयातदाराने विमान विकताना तुटणाऱ्या-झिजणाऱ्या भागांचा साठा या देशात ठेवल्याचं करारात लिहून द्यावं. आणि कारखानदाराने आराखडे तिऱ्हाइताकडे ठेवावेत, म्हणजे त्याने हात वर केले तरी भाग बनवून घेता येतील. एकेकट्याने मागितलं तर दोन्ही नाकारलं जाईल, हे मी जाणून आहे. मसुदा दाराशी टेबलावर ठेवला आहे. शेजारी एक वही आहे. तीत आपलं विमान कुठलं, कुठल्या वर्षाचं, आणि कपाटात कुठले भाग पडून आहेत, एवढं जेवणाआधी लिहून ठेवा. मागच्या रांगेतल्या एका सभासदाला सीटीच्या पुढच्या चाकाचा फोर्क हवा आहे, विमान मार्चपासून उभं आहे. कुणाकडे असेल तर त्याने वहीची वाट न पाहता आत्ताच हात वर करावा.