स्वयंचलित मोटारीला क्लच बसविताना



स्वयंचलित गिअरची मोटार घरच्या घरी हातगिअरची करू पाहणारे हौशी कारागीर आपल्यांतही असतील. टॉर्क कन्व्हर्टर उतरवून फ्लायव्हील, क्लच व नवा गिअरबॉक्स बसवावा, तिसरे पेडल जोडावे, की काम संपले असे वाटते. वस्तुतः खरी जोखीम तेथूनच सुरू होते. मूळ गाडी ‘पार्क’ वा ‘न्यूट्रल’मध्ये असल्याविना सुरूच होत नसे. तो स्विच निघाला, की त्याच्या तारा नुसत्या एकमेकींस जोडण्याचा मोह होतो. मग गिअरमध्ये उभी असलेली गाडी किल्ली फिरविताच झेपावते. समोर आपलेच मूल खेळत असावयाचे! म्हणून त्या तारा क्लच-पेडलच्या स्विचमधून न्याव्यात. पेडल दाबल्याविना स्टार्टर फिरताच कामा नये. ‘पार्क’चा खटकाही आता उरत नाही, तेव्हा हॅन्डब्रेक उतारावर पारखून घ्यावा.

आणखी एक. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीपुस्तकातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकास करता येत नाही. यास्तव पाना हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी. हौस जरूर पुरवावी, परंतु एवढी दक्षता बाळगूनच, हीच विनंती.